बुडवलेलं जहाज, स्कूबा डायव्हिंग आणि तुमचा फोन : आयपी६८ वर विसंबू नका!

मी बीडचा. पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मालवणला, आणि त्याच ट्रिपमध्ये माझा फोन कायमचा गेला. दुकानदार म्हणाला होता, 'वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त न्या.' पाच-सहा मीटरवर प्लास्टिकच्या पाऊचची कड सुटली, संपलं! म्हणून हा लेख.

आता सिंधुदुर्गात याहून मोठी गोष्ट ठरली आहे. नौदलाची 'आयएनएस गुलदार' ही रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी युद्धनौका पोलंडमध्ये बांधली गेली. १९८५ मध्ये ती सेवेत आली आणि १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झाली. साधारण ८४ मीटर लांबीचं हे जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे देण्यात आलं. निवती रॉकजवळ ते मुद्दाम बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करायचं, अशी योजना आखली गेली.

जहाजाचा प्रवाळ कसा होतो? तळाला नुसती वाळू असेल तर शेवाळ, शिंपले, स्पंज यांना चिकटायला टणक जागा मिळत नाही. लोखंडी सांगाडा ती जागा देतो. आधी सूक्ष्मजीवांचा पातळ थर बसतो, मग शेवाळ-शिंपले, मग लपायला छोटे मासे, आणि त्यांच्या मागे मोठे. बुडवण्याआधी तेल, केबल, सैल सामान काढावं लागतं, नाहीतर तो समुद्रात टाकलेला कचराच. शिवाय जागोजागी मोठी भोकं पाडतात, म्हणजे पाणी सगळीकडून सारखं भरतं आणि डायव्हरला बाहेर पडायला वाट राहते. अमेरिकेत २००६ मध्ये 'ओरिस्कनी' ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली होती.

आता फोनकडे येऊ. आयपी६८ मधला ६ धुळीसाठी, ८ पाण्यासाठी. पण '८' म्हणजे नेमकी किती खोली, किती वेळ, हे कंपनी स्वतः ठरवते. बऱ्याच फोनला ते दीड मीटर, ३० मिनिटं असतं, आणि तेही स्थिर गोड्या पाण्यात. समुद्रात दर १० मीटरला हवेच्या दाबाइतका दाब वाढतो, म्हणजे २० मीटरवर तिप्पट. त्यात खारं पाणी चार्जिंग पोर्ट खातं. पाण्याने फोन गेला तर वॉरंटी बहुतेक वेळा लागू होत नाही (मला हे सर्व्हिस सेंटरच्या रांगेत कळलं).

फोन न्यायचाच असेल तर खोलीचा आकडा लिहिलेलं कडक हाउसिंग घ्या, आणि आधी रिकामं हाउसिंग बादलीत बुडवून तपासा. टचस्क्रीन पाण्यात चालत नाही, म्हणून बटणं हवीत. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, त्यामुळे फोटो निळे-हिरवे येतात. लाल फिल्टर किंवा टॉर्च वापरा. जीपीएस आणि नेटवर्क तर विसराच. खोली आणि वेळ सांगायला डाईव्ह कॉम्प्युटर असतो. तो पाण्याचा दाब मोजून खोली काढतो आणि शरीरात किती नायट्रोजन साठला असेल याचा अंदाज बांधतो.

फोन दुसरा घेता येतो, पण फुप्फुसं नाही. विहिरीत आपण श्वास कोंडून सूर मारतो. स्कूबामध्ये हेच सगळ्यात धोक्याचं आहे. १० मीटरवर सिलिंडरमधून छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास चालूच ठेवायचा. आणि रीलसाठी जहाजाच्या आत शिरायचं नाही. आत गाळ उडाला की स्वतःचा हात दिसत नाही, डोक्यावर लोखंड असतं, सरळ वर येता येत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने तारकर्ली-मालवणला प्रशिक्षकाबरोबर उथळ पाण्यातली डाईव्हच करावी.

आपल्याकडच्यांसाठी एक खास गोष्ट: खोल डाईव्ह करून त्याच रात्री गावाकडे निघायचं असेल तर मध्ये घाट लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आणि शरीरातला नायट्रोजन त्रास देऊ शकतो. किती तास थांबायचं ते प्रशिक्षकाला विचारूनच परतीचं तिकीट काढा.