शिवेवरच्या गावांची लीग

रग्बी म्हटलं की आपल्यापुढे इंग्लंडमधल्या महागड्या निवासी शाळा उभ्या राहतात. वॉरविकशायरमधल्या ज्या शाळेवरून या खेळाला नाव मिळालं ती तशीच शाळा होती, आणि हिंदुस्थानात हा खेळ आणणारे साहेबही बहुतांशी त्याच मुशीतले होते. त्यामुळे रग्बी हा सुखवस्तू वर्गाचा खेळ आणि फुटबॉल हा कामगारांचा, अशी सोपी विभागणी आपण करून टाकतो. ही विभागणी जिथे पार कोलमडते असा एक छोटासा प्रदेश आहे. स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, इंग्लंडच्या शिवेला लागून असलेल्या या भागाला ‘बॉर्डर्स’ एवढंच म्हणतात. लोकर विणणाऱ्या गिरण्यांची, मेंढपाळांची, पाचदहा हजार वस्तीची ही गावं. तिथे गिरणीत कापड विणणारा, खाटीक, सुतार, शेतकरी आणि शाळामास्तर एकाच संघातून रग्बी खेळत आले. याच गावांनी 1901 साली आपापसात एक स्पर्धा सुरू केली: बॉर्डर लीग. रग्बी युनियन या खेळातली, अजून चालू असलेली जगातली सर्वांत जुनी लीग असा तिचा उल्लेख होतो.

या लीगचा इतिहास म्हणजे विजेत्यांची यादी नव्हे. एखादा खेळ कोणाच्या मालकीचा असतो, तो खेळणाऱ्या गावाच्या की त्याचे नियम लिहिणाऱ्या संस्थेच्या, हा प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहे. मला तो आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला तो यासाठीच.

आधी भूगोल पाहू. एडिंबराहून निघालेली ‘वेव्हर्ली मार्ग’ ही रेल्वे 1849 मध्ये हॉइकपर्यंत आणि 1862 मध्ये थेट कार्लाइलपर्यंत पोचली. गॅलाशील्स, मेलरोझ आणि हॉइक ही गावं याच मार्गावर होती. सेलकर्क, केल्सो, जेडबरा इथे फाटे गेले. गॅलाशील्स आणि मेलरोझ यांच्यात अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. हॉइकहून गॅलाशील्स तीसेक किलोमीटर. शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाल्यावर गाडीत बसून शेजारच्या गावी सामना खेळावा आणि रात्री घरी यावं, हे या रेल्वेमुळे शक्य झालं. पगाराचा एकही दिवस न बुडवता खेळता येणं ही गोष्ट पुढे किती महत्त्वाची ठरली ते लवकरच दिसेल.

भूगोलाइतकाच इतिहासही महत्त्वाचा. ही गावं शतकानुशतकं दोन राज्यांच्या मधल्या वादग्रस्त पट्ट्यात होती. गुरं पळवणं, बदला घेणं, शेजारच्या घराण्याशी वैर धरणं हे इथलं जगणंच होतं. त्या लुटारू स्वारांना ‘रीव्हर’ म्हणत. आजही दर उन्हाळ्यात या गावांत ‘कॉमन रायडिंग’ होतं. गावची तरुण मंडळी घोड्यांवर बसून गावशीव फिरून येतात, निशाण मिरवतात. आपल्याकडच्या ग्रामदैवताच्या यात्रेसारखाच तो गावाचा सर्वांत मोठा दिवस असतो. हॉइकचा उत्सव 1514 मध्ये गावच्या पोरांनी इंग्रज टोळीकडून हिसकावलेल्या निशाणाची आठवण जागवतो. सेलकर्कचा उत्सव 1513 च्या फ्लॉडनच्या लढाईशी जोडलेला आहे. जेडबऱ्यात तर दर फेब्रुवारीत अख्खं गाव ‘वरचे’ आणि ‘खालचे’ अशा दोन पक्षांत वाटलं जाऊन रस्त्यांतून चेंडूसाठी झटापट करतं. अशा मुलखात रग्बी रुजला यात नवल नाही. बाहेरून आलेल्या खेळाला इथे आधीपासून जमीन तयार होती.

क्लब भराभर निघाले. लँगहोम 1871, हॉइक 1873, गाला 1875, केल्सो 1876, मेलरोझ 1877. मेलरोझचा जन्म भांडणातून झाला. गॅलाशील्स आणि मेलरोझचे खेळाडू आधी एकत्र खेळत. मग बिनसलं, आणि मेलरोझकरांनी रातोरात गोलचे खांब उचलून आपल्या गावी नेले, अशी आख्यायिका तिथे सांगतात. खरं-खोटं काही असो, शेजाऱ्याबद्दलची भावना तीतून नेमकी कळते.

याच मेलरोझमध्ये 1883 साली क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता. तेव्हा नेड हेग या खाटिकाच्या हाताखाली काम करणाऱ्या खेळाडूने एका दिवसाची स्पर्धा भरवून पैसे उभे करायची कल्पना मांडली. पंधरा-पंधरा जणांचे इतके सामने एका दुपारी बसणार कसे? म्हणून संघ सातांचा केला आणि सामना पंधरा मिनिटांचा. 28 एप्रिल 1883 रोजी ही स्पर्धा झाली, आणि अंतिम सामन्यात मेलरोझने गालालाच हरवलं. सात जणांचा रग्बी जन्मला तो असा, गावच्या क्लबची गरज भागवण्यासाठी. 2016 मध्ये रिओला तो ऑलिंपिकमध्ये पोचला. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही याच सात जणांच्या प्रकारात. तिथे टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना मेलरोझच्या त्या खाटिकाचं नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

आता लीगकडे येऊ. तिचं महत्त्व कळण्यासाठी 1895 मध्ये इंग्लंडात काय झालं ते पाहावं लागतं. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरणी-खाण भागातले खेळाडू शनिवारी खेळण्यासाठी कामावर खाडा करत आणि त्यांची मजुरी बुडे. ती भरपाई क्लबने द्यावी अशी त्यांची मागणी होती. लंडनच्या संघटनेने ती फेटाळली. खेळासाठी पैसा घेणं म्हणजे खेळ बाटवणं, अशी तिची भूमिका. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या वीसहून अधिक क्लबांनी फारकत घेतली. त्यांच्या वेगळ्या वाटेतून पुढे तेरा जणांचा ‘रग्बी लीग’ हा स्वतंत्र खेळ तयार झाला. मूळ पंधरा जणांचा खेळ ‘रग्बी युनियन’ म्हणून राहिला आणि हौशीपणा हाच त्याचा धर्म बनला.

एडिंबरातली स्कॉटिश संघटना या बाबतीत लंडनहूनही कडवी. 1928 मध्ये राजे पाचवे जॉर्ज सामना पाहायला आले असता स्कॉटिश खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक का नाहीत असं त्यांनी विचारलं, तेव्हा हा गुरांचा बाजार नव्हे अशा अर्थाचं उत्तर एका पदाधिकाऱ्याने दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. अशा वातावरणात गुणतक्ता, क्रमवारी, चषक या सगळ्या गोष्टी संशयास्पद होत्या. तर्क असा: तक्ता आला की चुरस येते, चुरशीमुळे गर्दी, गर्दीमुळे तिकिटाचे पैसे, आणि मग खेळाडू त्यात वाटा मागणार. म्हणून सामने फक्त ‘मैत्रीपूर्ण’ असावेत. स्कॉटलंडचा अव्वल क्लब कोण हे वर्तमानपत्रं आपल्या हिशेबाने ठरवत, पण त्याला अधिकृत मान्यता नव्हती.

या पार्श्वभूमीवर, उत्तरेतल्या फुटीनंतर अवघ्या सहा वर्षांनी, 1901 मध्ये गाला, हॉइक, जेड-फॉरेस्ट, लँगहोम आणि मेलरोझ या पाच क्लबांनी उघडपणे लीग सुरू केली. तिची रचना अगदी साधी. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. पाच क्लब म्हणजे प्रत्येकी आठ सामने, एकूण वीस. 1912 मध्ये केल्सो आणि सेलकर्क आले. सात क्लब, प्रत्येकी बारा सामने, एकूण बेचाळीस. त्यानंतर 1996 मध्ये पीबल्स येईपर्यंत, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं, हे सातांचं कुटुंब तसंच राहिलं. या रचनेत कोणी वर चढत नाही, कोणी खाली घसरत नाही. तळाला राहिलेल्या गावालाही पुढच्या वर्षी हॉइक आपल्या दारी येणार याची खात्री असते. बाद पद्धतीत दुबळा पहिल्याच दिवशी घरी जातो. इथे त्याला सूड घ्यायची संधी त्याच मोसमात मिळते.

मग एडिंबराला वाटत होती ती भीती खरी का ठरली नाही? तक्ता आला, चुरस आली, गर्दीही आली. पण हे क्लब उत्तर इंग्लंडच्या वाटेने गेले नाहीत. माझ्या मते याची कारणं तीन. पहिलं, सामने शेजारच्या गावात आणि शनिवारी दुपारी होत, त्यामुळे बुडालेल्या मजुरीचा प्रश्न यॉर्कशायरइतका टोकाला गेला नाही. दुसरं, पाचदहा हजारांच्या गावात तिकिटांतून पगार देण्याइतका पैसा जमणं अवघडच होतं. तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं: गावासाठी खेळणं हाच इथे मोबदला होता. कॉमन रायडिंगमध्ये निशाण धरणाऱ्याला कोणी मजुरी विचारत नाही.

पण या चित्राला काळी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. क्लब गेले नाहीत तरी माणसं गेली. रग्बी लीगच्या क्लबांचे दलाल उत्तर इंग्लंडातून या गावांत येत, आणि गिरणीच्या पगाराच्या तुलनेत त्यांची रक्कम डोळे दिपवणारी असे. जो करारावर सही करी त्याच्यावर युनियनचा कायमचा बहिष्कार. ज्या मैदानावर तो लहानाचा मोठा झाला, तिथल्या क्लबघराचं दारही त्याला बंद होई. हॉइकचा डेव्ह व्हॅलंटाइन असाच हडर्सफील्डला गेला. 1954 मध्ये रग्बी लीगचा पहिला विश्वचषक ग्रेट ब्रिटनने जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता. जगज्जेता कर्णधार आपल्या गावच्या क्लबात मात्र बहिष्कृत. हौशीपणाचं तत्त्व ज्यांना परवडत होतं त्यांनी लिहिलं आणि त्याची किंमत ज्यांना परवडत नव्हती त्यांनी मोजली, असंच म्हणावं लागेल.

युद्धाने याहून मोठी किंमत वसूल केली. 12 जुलै 1915 रोजी गॅलिपोलीत किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्सच्या ज्या पलटणीची दैना उडाली तिच्यातली पोरं याच गावांतली होती. एका दुपारी शेकडो माणसं गमावलेल्या या गावांत शांततेनंतर पुन्हा तेच क्लब, तेच सामने सुरू झाले. आपलं गाव अजून आहे हे एकमेकांना सांगण्याचा तोही एक मार्ग असावा.

अखेर 1973 मध्ये एडिंबराने राष्ट्रीय लीग सुरू केली. बॉर्डर्सने जे 1901 मध्ये केलं ते मान्य व्हायला बहात्तर वर्षं लागली. आणि निकाल काय लागला? पहिली पाचही वर्षं विजेता एकच: हॉइक. पुढे गाला, केल्सो आणि मेलरोझ यांनीही ते विजेतेपद मिळवलं. मेलरोझ या अडीच हजारांच्या गावाने तर 1990 ते 1997 या काळात सहा वेळा. आपसातल्या चुरशीने कमावलेला कस असा बाहेर दिसला. 1984 मध्ये स्कॉटलंडने चारही प्रतिस्पर्ध्यांना हरवून ग्रँड स्लॅम मिळवला, तेव्हा प्रशिक्षक मेलरोझचे जिम टेल्फर होते, कर्णधार गालाचा जिम एटकन, आणि संघाची सूत्रं जेड-फॉरेस्टचा रॉय लेडलॉ आणि सेलकर्कचा जॉन रदरफर्ड यांच्या हाती होती. 1990 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या निर्णायक सामन्यात चेंडू टेकवला तो हॉइकच्या टोनी स्टेंजरने. तो शाळेत ज्यांच्या हाताखाली खेळ शिकला ते बिल मॅक्लॅरन हॉइकमधले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि रग्बीचे सर्वांत लाडके समालोचक.

त्या दिवशी स्कॉटलंडने उचललेला चषक आपल्या ओळखीचा आहे. 1873 मध्ये स्थापन झालेला कलकत्ता फुटबॉल क्लब पाच वर्षांत मोडला, तेव्हा बँकेतल्या शिलकेचे 270 चांदीचे रुपये वितळवून त्यांनी चषक घडवला. हत्तीचं झाकण, नागाच्या तीन मुठी. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यांसाठी तो भेट दिला, आणि 1879 पासून त्यासाठी लढत होते. क्लब मोडला, चषक उरला. बॉर्डर्समध्ये याच्या नेमकं उलट घडलं: तिथे क्लबच उरले.

ऑगस्ट 1995 मध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झालं. हौशीपणाचा सोवळेपणा एका घोषणेने संपला. स्कॉटिश संघटनेने विभागवार पगारी संघ उभे केले, त्यांत बॉर्डर्सचाही एक होता. 1998 मध्ये तो एडिंबरात विलीन केला गेला, 2002 मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि 2007 मध्ये बंद झाला. पैसा कमी पडला, प्रेक्षक कमी पडले, अशी कारणं दिली गेली आणि ती चूक नव्हेत. पण त्याच्या मुळाशी आणखी काही आहे असं मला वाटतं. ज्या माणसाने जन्मभर हॉइकच्या हिरव्या जर्सीसाठी गालाशी वैर धरलं, त्याला गॅलाशील्सच्या मैदानावर जाऊन ‘आपल्या’ संघासाठी ओरडा म्हणणं सोपं नव्हतं. कागदावर विभाग आखता येतो. जिव्हाळा मात्र गावाचा असतो.

बॉर्डर लीग मात्र टिकली, बदलत बदलत. राष्ट्रीय स्पर्धांच्या गर्दीत तिच्यासाठी शनिवार मिळेना, तेव्हा एकच सामना दोन्ही लीगमध्ये धरण्याची सोय झाली. अलीकडे अंतिम सामनाही खेळवला गेला आहे. वेव्हर्ली मार्ग 1969 मध्ये बंद पडला, 2015 मध्ये मेलरोझजवळच्या ट्वीडबँकपर्यंतच पुन्हा सुरू झाला. हॉइकला आजही गाडी जात नाही. गिरण्यांचे बहुतेक भोंगे थांबले. तरी 2023 मध्ये हॉइकने पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

आपल्याकडे आता दर खेळाची लीग निघते आहे: लिलाव, झगमगाट, एका मोसमात जन्मलेल्या संघांना दिलेली शहरांची नावं. त्यातून खेळाडूच्या हाती पैसा येतो, आणि व्हॅलंटाइनची कथा वाचल्यावर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला उरत नाही. पण बॉर्डर्सचा सव्वाशे वर्षांचा अनुभव दुसरीही एक गोष्ट सांगतो. तिथे गावं आधी होती, त्यांचे क्लब त्यानंतर आले आणि लीग सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा लावून सुरू केलेल्या संघामागे गाव उभं राहील का, याचा विचार लीग काढणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच करायला हवा.