खाडा

आमच्या लहानपणी पाळी आली की "कावळा शिवला" म्हणायचे आणि बाईला बाहेर बसवायचे. विटाळ वाईटच, पण तेवढाच पाठीला आराम, असं आई म्हणायची. पोट दुखलं तर ओव्याचं पाणी नि गरम विटेचा शेक. का दुखतं, हे कुणी विचारत नसे.

प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याने गर्भाशय आवळतं, म्हणून कळ येते. ॲस्पिरिनसारखी औषधं हे द्रव्य तयार होणंच रोखतात, असं जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं. तेव्हापासून बऱ्याच जणींचं डॉक्टरांना विचारून घेतलेल्या साध्या गोळीवर भागतं. शेकही खोटा नव्हताच!

पण ऊसतोडीला आराम कुठला? एक दिवस खाडा झाला की दंड. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचं २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत आढळलं.

घनसावंगीकडची माझी एक विद्यार्थिनी त्याआधीच भेटली होती. तिशीतच पिशवी काढलेली. "बाई, दर महिन्याचा खाडा परवडंना," एवढंच म्हणाली.

मी तिला पाच वर्षं मराठी शिकवलं. कळ का येते, हे मात्र एकदाही सांगितलं नाही. तो खाडा माझा.