साताळीन गड

रशियात साताळीन नावाचा एक गड आहे, हे आंबीच्या आमच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. लोहगड जसा आहे, विसापूर जसा आहे, तसाच तोही. जर्मनानं त्याला वेढा घातला, आतला दाणागोटा संपला, पाणी गोठून दगड झालं, पण गडकऱ्यांनी दरवाजा उघडला नाही. शेवटी जर्मनच थंडीनं आखडला आणि शरण आला. हे सांगताना आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, हात आपोआप पश्चिमेला, लोहगडाच्या अंगाला जायचा.

सातवीत असताना एकदा मी नकाशा घेऊन त्यांच्यापुढं बसलो. म्हटलं, "आबा, तो गड नाही. स्टालिनग्राड. ग्राड म्हणजे शहर." ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "तू गेलावतास का तिथं?" मी नाही म्हटलं. "मी बी न्हाई. पर पवाडा गडाचाच असतुय."

यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

हा गड आंबीत आणला थोरल्या बाबांनी, म्हणजे आबांच्या वडीलभावांनी. मावळ-मुळशी-खेडच्या कितीतरी गड्यांसारखे ते मुंबईत डबे पोचवायचे. भातलावणीला आणि वारीला गावी, एरवी दादर, परळ, फोर्ट. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन ही बोट उडाली. दुपारचे चार वाजून गेले होते, आणि थोरले बाबा रिकामे डबे घेऊन परतीच्या वाटेवर होते. ते सांगायचे, आधी पायाखालची जमीन सरकली, मग आवाज आला, मग आभाळातून पेटता कापूस. एकाच बोटीच्या पोटात कापसाचे गठ्ठे आणि दारूगोळा कुणी भरला असेल, हा त्यांचा पन्नास वर्षं टिकलेला प्रश्न होता. डोक्यावरचा डब्यांचा हारा मात्र त्यांनी खाली टाकला नाही. हे ते प्रत्येक वेळी शेवटी, आणि जरा जास्तच सावकाश सांगत.

त्यानंतर महिनाभर ते गावीच राहिले, आणि त्या महिन्यात संध्याकाळी देवळापुढं त्यांनी अण्णाभाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा म्हटला. अण्णाभाऊ वाटेगावाहून पायी मुंबईला आलेले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहणारे. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. पोवाडा १९४३ चा. पुढच्या वर्षी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि गिरणगावातल्या चाळींपुढं डफ वाजू लागला. थोरल्या बाबांनी पोवाडा ऐकला तो तिथंच कुठंतरी, उभ्या उभ्या. पण माणूस वारकरी. भजनाच्या पाठांतराला सरावलेल्या डोक्यात पोवाडा बसायला कितीसा वेळ! जिथं विसरला तिथं त्यांनी तानाजीच्या पोवाड्याचा टेकू लावला असणार, असा माझा दाट संशय आहे. ग्राडचा गड तिथंच कधीतरी झाला. सूर्याजीनं दोर कापला तसा रशियातही कुणीतरी कापला होता, असं आत्याआजी, म्हणजे आबांची बहीण, शपथेवर सांगते.

ह्या सगळ्या व्यवहाराला छापील कागदाचा एक कपटासुद्धा लागला नाही, एवढं इथं लक्षात ठेवा.

पुण्याला कॉलेजात मी मराठी घेतलं, तेव्हा एका पेपराचं नाव होतं '१९४५ नंतरची कविता'. पंचेचाळीसच का, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर होतं: दुसऱ्या महायुद्धानं मूल्यं ढासळली, यंत्रयुगानं माणूस एकाकी झाला, म्हणून नवकाव्य आलं. मीही ते लिहिलं आणि बरे गुण मिळवले. त्या युद्धात आमच्या घरातला एक माणूस होता आणि त्याची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, हे उत्तर लिहिताना मला आठवलंसुद्धा नाही. अभ्यासाचा असा एक गुंगीचा गुण असतो.

नंतर सावकाश कळत गेलं, की युद्धाच्या त्या शेवटच्या वर्षातल्या साहित्याची गोष्ट मूल्यांइतकीच कागदाची आहे. परदेशी कागद येणं आटलं, देशात होता तो सरकारी हुकमतीखाली गेला, वर्तमानपत्रांची पानं घटली, मासिकं रोडावली. धुळ्याला १९४४ मध्ये मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं. त्यानंतरचं थेट १९४६ ला बेळगावात, माडखोलकर अध्यक्ष, आणि तिथं तर संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मधलं पंचेचाळीस कोरं. ज्या सालावर आम्ही पेपर लिहायचो, त्या साली मराठी लेखकांचा मेळा भरलाच नव्हता.

आणि तरी नवं उगवलं ते याच टंचाईत. पुण्या-मुंबईपासून लांब, बडोद्याला, पुरुषोत्तम आणि विमल चित्रे या जोडप्यानं १९४३ मध्ये 'अभिरुची' सुरू केलं होतं. पु. ल. देशपांड्यांचा 'भय्या नागपूरकर' पहिल्यांदा वाचकांपुढं आला तो तिथं. बा. सी. मर्ढेकर, आकाशवाणीत नोकरी करणारा अबोल माणूस, आपल्या नव्या कविता तिथं देऊ लागला. 'रात्रीचा दिवस' ही त्यांची विचित्र, सलग मनातल्या मनात चालणारी कादंबरी बेचाळीसमध्येच येऊन गेली होती आणि फारशा कुणाला पचली नव्हती. उंदरांची ती गाजलेली कविता युद्ध थांबल्यावर लवकरच 'अभिरुची'त आली, पुढं 'काही कविता' १९४७ मध्ये, आणि मग अश्लीलतेचा खटला, आणि सुटका. तिकडं गंगाधर गाडगीळ चाळीतल्या, कारकुनी माणसांच्या मनात शिरून नवकथा लिहीत होते. त्यांचा पहिला संग्रह 'मानसचित्रे' १९४६ चा. कवी अनिलांनी तर १९४३ मध्येच चीनमधल्या एका निर्वासित मुलाला उद्देशून आख्खं काव्य लिहिलं होतं. ते मला मर्ढेकरांपेक्षा कमी वाचलं गेल्याचं वाईट वाटतं.

चित्रे दांपत्याचा मुलगा पंचेचाळीस साली सात वर्षांचा झाला. पुढं त्यानं तुकाराम इंग्रजीत नेला: दिलीप चित्रे. देहू आमच्यापासून खालच्या अंगाला, त्याच इंद्रायणीवर. भंडाऱ्याचा डोंगर तर आंबीच्या शेतातून दिसतो. नदीनं वह्या तारल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या गावात पंचेचाळीस साली कागदाची काय किंमत असेल, हे मी आत्याआजीला विचारलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. म्हणाली, "कागद कुठला आलाय? गूळसुदीक पळसाच्या पानात. पुडी आली तर मास्तर ती घरी न्यायचं." शाळेचे मास्तर. तळेगावच्या दुकानातून पुडी आली की ती उलगडून, हातानं सपाट करून, ते उभ्यानंच वाचत, आणि गोष्ट अर्ध्यात फाटलेली निघाली की दुकानदाराला शिव्या देत. गावातला एकमेव छापील साहित्याचा वाचक तो, आणि त्याला कुठल्याच कथेचा शेवट माहीत नसे. नवकथा त्याला बरी मानवली असती.

आबांना मात्र नवकथा प्रत्यक्ष भेटली. पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत, पंधरा तारखेला, लोणावळ्याच्या डोंगरात आरमाराचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. नाव शिवाजी; आणि आरमाराची रीत अशी, की जमिनीवरच्या तळालाही जहाजच म्हणायचं. 'डोंगरावर जहाज आणलंय' अशी आवई मावळात पसरली. आबा तिथं बिगारी कामाला गेले होते. परत आल्यावर घरच्यांनी घेरलं: कसं आहे जहाज? आबा म्हणाले, जहाज नाही. पाणी नाही. पण माणसं दरवाजातून बाहेर पडताना म्हणतात, आम्ही किनाऱ्यावर चाललो. घरच्यांना वाटलं, ह्याला ऊन लागलं.

आता ट्रंकेकडं येतो.

तिसरा भाऊ, नाना, मराठा पलटणीत. आफ्रिकेच्या वाटेनं इटलीत गेला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन बटालियनींची नावं त्या मोहिमेत कायमची कोरली गेली आहेत: १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे पडला आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नामदेव जाधवानं दोन जखमी सोबत्यांना माघारी आणून शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या एकट्यानं मोडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. नाना त्यांच्यातल्या कुणाच्या जवळ होता की कोसभर मागं खेचरं सांभाळत होता, हे त्यानं कधी सांगितलं नाही. परत आल्यावर इटलीबद्दल त्याचं एकच वाक्य घरात नोंदलेलं आहे: "तिथं द्राक्षाच्या येली झाडावर चढवत्यात." एवढंच. भाताच्या खाचरात उभा राहून बोलला, आणि पुन्हा चिखलणीला लागला.

पण पत्रं होती. ट्रंकेत किती होती कोण जाणे; वाळवीनं सोडलेलं एकच माझ्या हाती आलं. नाना निरक्षर. तेव्हा बोलला नाना, लिहिलं पलटणीतल्या कुणा साक्षर गड्यानं, तपासलं सेन्सॉरनं, आणि आंबीत वाचलं मास्तरांनी. एका पत्राला चार लेखक. हिंदी सैनिकांच्या पत्रांतले उतारे काढून, इंग्रजीत उलथून, त्यांचे पाक्षिक अहवाल लष्कर तयार करायचं. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लाखो घरांच्या ट्रंका वाळवीनं खाल्ल्या, आणि सेन्सॉरनं उचललेली वाक्यं तेवढी परक्या भाषेत जगली. पहारेकरीच संग्राहक निघाला.

आमचं पत्र त्या अहवालात जाण्याजोगं नाही. 'तीर्थरूप मातोश्रीस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे. पत्र लिहिण्यास कारण की' आणि कारण काहीच नाही. बैल कसा आहे, आंबेमोहर किती झाला, लेव्हीत किती गेला, बहिणीला झगा घेतला का. पत्राला कापडाच्या घडीसारखी ठरलेली घडी असते. नानाचा सगळा जीव त्या घडीत मावला होता. फक्त खाली, 'कळावे' च्या आधी, एक ओळ निसटली आहे: इथं ही नदी आहे, आपल्याएवढीच, दोन्ही अंगांना मातीचे उंच बांध आहेत, आणि रात्री पाण्याचा आवाज आपल्यासारखा येत नाही. नदीचं नाव होतं त्या जागी काळ्या शाईचा चौकोन.

मर्ढेकरांवर टिपणं काढताना मी शब्दांमधल्या मोकळ्या जागांबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. हा चौकोन पाहिल्यावर ती टिपणं मला जरा जाड वाटली. मात्र नानाचं पत्र हीच खरी नवकविता, असलं काही मी म्हणणार नाही. तो लाडिकपणा होईल. मर्ढेकरांनी घडी मुद्दाम मोडली. नानाला ती मोडायची नव्हती, त्याच्या हातून एका ओळीपुरती सुटली. मावळ पुस्तकात यायला पुढं गोनीदांची, 'माचीवरला बुधा'ची वाट पाहावी लागली, आणि त्यातही माणूस आहे राजमाचीचा, मुंबईहून परत फिरलेला. इटलीहून फिरलेला कुणी नाही.

चौकोनाखालचं नाव सेनियो असेल का? त्या नदीला दोन्ही काठांना पुराचे उंच बांध होते, ही गोष्ट खरी. पण तसे बांध त्या मुलखात इतर नद्यांनाही आहेत. पत्रावरची तारीखही वाळवीनं नेली आहे. मी ते उजेडाकडं धरलं, मागून पाहिलं, मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. सेन्सॉरची शाई चांगली होती. नानाची तेवढी फिकी पडली आहे.

मागल्या पावसाळ्यात ते पत्र मी आत्याआजीला वाचून दाखवलं. बाहेर एमआयडीसीकडं जाणाऱ्या कंटेनरचा खडखडाट चालू होता, त्यामुळं मोठ्यानं वाचावं लागत होतं. तिला अक्षर येत नाही. नमस्कार, क्षेम, बैल, झगा: ती डोळे मिटून मान हलवत होती, झग्याशी हसली. नदीच्या ओळीशी मी अडखळलो. 'इथं ही' म्हणालो आणि थांबलो.

"वाच की, थांबलास का?"

"इथं खोडलंय, आत्याआजी. नाव दिसत नाही."

"खोडलंय कुठलं? मास्तर वाचायचं की." ती उठून बसली. "इंद्रायणी हाय तिथं. आई दर वेळेला इचारायची, तिकडं बी इंद्रायणी? आन् मास्तर म्हनायचं, हो, तिकडं बी हाय. नीट वाच."

मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.