अनध्याय : परदेशातल्या विद्यार्थ्याचा एक मोकळा दिवस

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. इतिहासाच्या व्याख्यानमालेत परीक्षेच्या तोंडावर भटकायला निघालेल्या पोरांचं काय काम? पण विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. आता कर्जत, नेरळ, चौक, खोपोली इथलीही मुलं बाहेरच्या देशात शिकायला जातात. आठ दिवसांवर परीक्षा असते आणि मोबाइलवर फोटो येतो. चिरंजीव लंडनच्या पुलावर उभे, हातात कॉफी, मागे नदी. घरातून पहिला प्रश्न जातो, "परीक्षा आहे ना रे तुझी?" या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या दारावरून गेला आहे.

दारावरून म्हणतो ते अक्षरशः. पुण्याहून विलायतेला निघालेल्या विद्यार्थ्याला मुंबईचं बंदर गाठायचं असे, आणि रेल्वेनं जायचं तर बोरघाट उतरून कर्जतवरूनच जावं लागे. १८५६ साली मुंबईकडून लोहमार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आला, १८५८ मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत आला. मधला घाट मात्र तुटकच राहिला. तेवढा टप्पा लोक पालखीनं, घोड्यावरून, नाहीतर पायी उतरत. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. पंचवीस बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढचा ठेका त्याची बायको अ‍ॅलिस हिनं पुरा करून घेतला. कामाचा जोर होता त्या १८६१ साली घाटात ४०,००० हून जास्त मजूर राबत होते. पटकीच्या साथीत त्यांतले किती गेले, त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. हे मजूर लक्षात ठेवा, पुढे आम्हाला त्यांची गरज लागणार आहे.

या मार्गानं पुणे सोडणाऱ्या पिढीतलं सगळ्यांत गाजलेलं नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा फर्ग्युसनमधून शिकून १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत तो सीनियर रँग्लर झाला, म्हणजे पहिल्या वर्गात पहिला. तो मान त्या वर्षी दोघांत विभागून गेला होता, पण हिंदुस्थानी माणसाला तो पहिल्यांदाच मिळत होता. आपल्याकडे 'रँग्लर' ही पदवीच नावाला चिकटली ती तेव्हापासून.

आता आमच्या विषयाकडे या. ही ट्रायपॉस म्हणजे साधीसुधी परीक्षा नव्हती. दिवसचे दिवस चाले. निकाल क्रमवार जाहीर होई, वर्तमानपत्रांत छापून येई, आणि सर्वांत शेवटच्याला लाकडी चमचा मिळे. क्रम लावायची ती पद्धत १९०९ नंतर बंद झाली. शिकवायला कॉलेजचे अध्यापक असत, पण खरी तयारी खासगी शिकवणीत व्हायची. क्लास ही काही आपल्या शहरांनी काढलेली गोष्ट नाही! परांजप्यांच्या आधीच्या पिढीत राउथ नावाच्या एका शिकवणीवाल्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर निघाले. गंमत अशी की या घाण्याला जुंपलेली मुलं दुपारी पुस्तकं मिटून बाहेर पडत. कोणी नदीवर होडी वल्हवायला, कोणी मैलोन्‌मैल पायपीट करायला. दुपारची ही मोकळीक अभ्यासाच्या वेळापत्रकाचाच भाग होती. सकाळी गणित, दुपारी पाय, रात्री पुन्हा गणित. दिवसभर डोकं घासलं तर ते बोथट होतं, अशी तिथली समजूत होती. आपण पोरांना पहाटे पाचला उठवून रात्री अकरापर्यंत बसवतो आणि त्याला तपश्चर्या म्हणतो. असो.

आपल्याच जिल्ह्याचं एक नाव इथं घ्यायला हवं. चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, १८९६ चा, घर रोह्याचं. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र घेतलं, १९१७ मध्ये त्यात बक्षीस मिळवलं, आणि १९१८ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचं आम्हाला नेहमी कौतुक वाटतं. रानात हिंडला तरी तो अभ्यासच, घरच्यांना जाब द्यायची वेळ येत नाही.

पण केंब्रिजच्या त्या मोकळ्या दुपारी फुकट नव्हत्या. मुलगा नदीवर जाई तेव्हा त्याची खोली झाडायला, शेगडी पेटवायला, अंथरूण घालायला बायका असत. त्यांना 'बेडमेकर' म्हणत. त्यांची दुपार कुठं जाई, याची नोंद ट्रायपॉसच्या इतिहासात सापडणार नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, म्हणून जरा आडवाटेनं जातो. 'स्कूल' हा शब्द आला ग्रीक 'स्कोले'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ रिकामा वेळ! अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की गणितविद्या इजिप्तमध्ये उगवली, कारण तिथल्या पुरोहितवर्गाला सवड होती. म्हणजे आधी सवड, मग विद्या. आपल्या परंपरेनंही सवड ओळखली होती. तिचं नाव अनध्याय. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा या दिवशी वेदाध्ययन बंद. गडगडाट झाला, धुळीचं वादळ आलं, कोल्हे ओरडले, तरी बंद. वैयाकरणांनी तर पाणिनी त्रयोदशीला गेले म्हणून त्रयोदशीही पाळली. वाचायला मोठी लोभस यादी आहे. विद्यार्थ्याच्या जिवाला एवढे विसावे ठेवणारी परंपरा पाहून आम्ही तरुणपणी खूश होत असू.

मात्र मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातली ही यादी शेवटपर्यंत वाचायला हवी. तीत असंही आहे की गावात प्रेत पडलं असेल तर अध्ययन करू नये, आणि शूद्र जवळ असेल तरी करू नये. म्हणजे वादळ, कोल्हा, प्रेत आणि एक जिवंत माणूस, सगळे एकाच रांगेत. एका माणसाचं नुसतं जवळ असणं हीच दुसऱ्याची सुट्टी. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. महाड म्हणजे आपलाच जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. त्या परिषदेचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं विद्यार्थिदशेतलं परदेशी आयुष्य हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

१९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या साडेअकरा पौंडांतूनच घरी पैसे पाठवायचे होते. मुंबईत रमाबाई त्यावर आणि स्वतःच्या काटकसरीवर प्रपंच रेटत होत्या. तिकडं हा माणूस कोलंबिया विद्यापीठात किती अभ्यासक्रम घेतो पाहा. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. एम.ए.ला इतक्याची गरज नव्हती. मुदत संपायच्या आत जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं, असा तो हिशेब होता.

मग शहर पाहिलंच नाही का? पाहिलं, पण एका वाटेनं. न्यूयॉर्कमधली जुन्या पुस्तकांची दुकानं. तिथं हिंडून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली, असं चरित्रकार लिहितात. आम्हाला विचाराल तर त्यांचा मोकळा दिवस तो. जेवणातून वाचवलेले पैसे खिशात, एकेक पुस्तक काढून किंमत बघायची, परत ठेवायचं, पुन्हा काढायचं. ज्यानं अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या फोर्टच्या पदपथावर असा दिवस काढला आहे त्याला त्यातलं सुख वेगळं सांगायला नको. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सामानाची बोट वेगळी होती. महायुद्ध चालू होतं, ती बोट पाणतीरानं बुडवली.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या खेपेला सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडची उसनवारी, एवढ्यावर. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड इथं राहत होते. तिथून ब्रिटिश म्युझियम साधारण चार-पाच किलोमीटर. सकाळी वाचनकक्ष उघडायच्या वेळी पोचायचं, दुपारचं जेवण गाळायचं, बंद होईपर्यंत उठायचं नाही. रात्री खोलीवर थोडा पापड नि कपभर गरम अर्क, असं चरित्रांतून येतं. त्या वाचनकक्षाचा घुमट १८५७ चा, म्हणजे खोपोलीला आगगाडी आली त्याच्या दुसऱ्या वर्षाचा. आत जायला ओळखपत्र लागे, पैसे लागत नसत. लंडनमध्ये त्यांना परवडेल अशी हीच एक ऐसपैस जागा होती. एम.एस्सी. १९२१ मध्ये झाली. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी आधी मानला नाही, तो पुन्हा लिहावा लागला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली.

इथं आम्हाला त्यांचे कोलंबियातले गुरू आठवतात. जॉन ड्यूई. त्यांचं आपल्यावर मोठं ऋण आहे, हे आंबेडकरांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या निबंधात उघड म्हटलं आहे. ड्यूईंचं शिक्षण आणि लोकशाहीवरचं मोठं पुस्तक १९१६ चं, आंबेडकर कोलंबियातून बाहेर पडले त्याच वर्षीचं. त्यात श्रम आणि सवड यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ड्यूई विचारतात, काहींनी नुसतं राबायचं आणि काहींनी सवडीत विद्या घ्यायची ही वाटणी आली कुठून? ग्रीकांकडून, म्हणतात. अ‍ॅरिस्टॉटलला सवड होती कारण घरात गुलाम होते. ही वाटणी विद्येच्या स्वभावात नाही, समाजाच्या रचनेत आहे. न्यूयॉर्कमधल्या वर्गातल्या इतर मुलांना हा एक सिद्धान्त वाटला असेल. लष्करातल्या एका महार सुभेदाराच्या मुलाला तो आपल्या गावचा नकाशा वाटला असणार.

त्या नकाशावर परत कर्जतला येऊ. मुंबईची कॉलेजची मुलं परीक्षेआधीच्या सुट्टीत इकडं येतात. तिला ते 'पीएल' म्हणतात. सकाळच्या लोकलनं उतरायचं, स्टेशनवर वडा खायचा, कोंडाण्याची लेणी, नाहीतर कुणाचं फार्महाऊस, संध्याकाळच्या गाडीनं परत. यावं त्यांनी, आमची काही तक्रार नाही. पण ज्या फार्महाऊसवर ती लोळतात तिथं भांडी घासणारी, गवत काढणारी पोरगी बहुधा शेजारच्या कातकरवाडीची नाहीतर ठाकूरवाडीची असते, आणि तिचंही दहावीचं वर्ष असू शकतं. कर्जत-खालापुरातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. वार्षिक परीक्षा एप्रिलात. पोरं आईबापांबरोबर भट्टीवर. नियम आहेत, हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि तरी हजेरीपटावर त्या महिन्यांत रेघाच रेघा दिसतात. मनूच्या यादीत वीटभट्टी नव्हती, एवढंच. घाटातले १८६१ चे ते मजूर आठवा म्हटलं होतं ना, त्यांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातही आला नव्हता. आता येतो, इतका फरक पडला आहे. तो कमी आहे असं आम्ही म्हणणार नाही, पुरेसा आहे असंही नाही.

आता त्या फोटोतल्या मुलाकडे. त्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे. विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनमध्ये सत्रात आठवड्याला वीस तासच काम करता येतं, ते तो कुठल्यातरी दुकानात किंवा हॉटेलात करत असतो. सयाजीरावांचा करार दहा वर्षांचा होता, बँकेचा कधीकधी त्याहून लांब असतो. त्याला एक मोकळा दिवस मिळाला तर तो जातो कुठं? आपल्याकडची बरीच मुलं किंग हेन्रीज रोडला जातात. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनानं विकत घेतलं, तिथं आता स्मारक आहे. ज्यानं दुपारचं जेवण गाळून वाचलं त्याचं घर बघायला ही मुलं परीक्षेच्या आधल्या आठवड्यात सुट्टी काढतात. यात विसंगती आहे असं काही पालकांना वाटेल, आम्हाला वाटत नाही. घरापासून थोडं चालत गेलं की प्रिमरोज हिल नावाची टेकडी लागते. आपल्या सोंडाईपुढं ती उंचवटाच, पण वर गवतात बसलं की सगळं लंडन समोर पसरतं. तिथंही तिकीट नाही, आणि ब्रिटिश म्युझियमलाही आज तिकीट नाही.

घरून येणाऱ्या त्या प्रश्नाबद्दल एकच सुचवतो. "परीक्षा आहे ना?" हे विचाराच, कर्जाचा हप्ता तुम्ही भरताय. पण त्याच्या आधी "जेवलास का?" हे विचारा.

प्रश्न असतील तर घेऊ, फक्त थोडक्यात. खोपोलीकडच्या मंडळींची गाडी चुकायला नको.