रजेचे चार दिवस आणि कोकणची वाट

सरकारी नोकरीत असलेल्या मंडळींना, विशेषतः शिक्षकांना, रजा प्रवास सवलतीचे नियम चांगले ठाऊक असतात. त्यांत दोन शब्द येतात: एक ‘स्वग्राम’ आणि दुसरा ‘महाराष्ट्र दर्शन’. गावाकडे आईबापांना भेटायला जायचं असेल तर पहिला अर्ज. मुलाबाळांना घेऊन मुलूख पाहायचा असेल तर दुसरा. दोन्हींचे गट वेगळे, वर्षं वेगळी. केंद्र सरकारने १९५६ साली आपल्या नोकरांना ही सवलत प्रथम दिली तीसुद्धा स्वग्रामापुरतीच. देश पाहायची सोय मागाहून झाली. कागदावर अशी वाटणी करावी लागते, हे समजण्यासारखं आहे. पण हल्ली ही वाटणी कागदावरून आपल्या मनातही उतरली आहे. काकांकडे गेलो तर फिरणं होत नाही, आणि फिरायला निघालो तर काका राहून जातात, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. चार दिवसांच्या रजेत दोन्ही कसं साधायचं? हा प्रश्न आपल्या आजोबांना पडत नव्हता. का पडत नव्हता, ते आज कोकणच्या वाटेच्या इतिहासातून पाहू.

आगबोटींच्याही आधीच्या माणसाकडे थोडं वळून बघू. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचं कर्ज फेडण्याच्या आशेने आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. दक्षिणा मिळवावी, परत यावं, एवढाच बेत. वाटेत बंडाची धामधूम लागली, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहावा लागला, आणि परत येताना पैशांऐवजी आईवडिलांसाठी गंगेची कावड तेवढी खांद्यावर राहिली. त्यांची हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापली. ती वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: पोटापाण्याचा प्रवास, यात्रेचा प्रवास आणि प्रेक्षणीय स्थळांचा प्रवास असे निरनिराळे प्रवास त्या माणसाला माहीतच नाहीत. कामासाठी निघायचं, ओळखीपाळखीच्या घरी नाहीतर देवळात उतरायचं, आणि वाटेत जे दिसेल ते नीट पाहून घ्यायचं.

पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या. रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण, आणि आज ज्याला सिंधुदुर्ग म्हणतो तोही त्या वेळी रत्नागिरीतच होता, परळ-लालबागच्या चाळींत जाऊन राहिला. बायको, शेत आणि म्हातारी माणसं गावी, मनिऑर्डर मुंबईहून. असा तो ‘चाकरमानी’ झाला. त्याची रजा लहान, आणि तीही शिमगा, मे महिना नाहीतर गणपती यांनाच बांधलेली. त्याची वाट म्हणजे समुद्र. एकोणिसाव्या शतकात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी, पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, अशी बंदरं घेत बोट दक्षिणेला जायची.

आता या बंदरांची माळ नकाशावर बोट ठेवून पाहा. शिक्षकांनी तर वर्गात जरूर करून पाहावं. मुंबई सोडली की मुरूडसमोरचा जंजिरा, हर्ण्याला सुवर्णदुर्ग, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड, मग जयगड, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, वाघोटनच्या खाडीवरचा विजयदुर्ग, आणि मालवणला शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग. मराठ्यांच्या आरमाराचा सगळा इतिहास बोटीच्या डाव्या-उजव्या बाजूने सरकत जायचा. कुणी त्याचं वेगळं तिकीट काढत नव्हतं. डेकवर वळकटी पसरून बसलेला गिरणीकामगार घरी चालला होता, आणि जाता जाता जे पाहत होता ते पाहायला आज आपण वेगळी सहल काढतो.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. बोटीने आलेल्या माणसाला थांबावंच लागे. बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची, माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, आणि पुढे खाडीतून होडीने नाहीतर पायी घर गाठायचं. परतीची बोट आपल्या मर्जीने येत नसे. त्यामुळे ‘चहा घेतो आणि निघतो’ अशी भेट त्या काळात संभवतच नव्हती. आलेला पाहुणा दोन रात्री तरी राहायचा. मग त्याला घेऊन कुणी देवाला जायचं, कुणी खाडीपलीकडच्या बहिणीकडे, कुणी मासे धरायला. गाव दाखवणं हा पाहुणचाराचाच भाग होता.

हे सारं सुखाचं होतं असं मात्र समजू नये. पावसाळा लागला की बाहेरच्या समुद्रातल्या फेऱ्या बंद व्हायच्या. मुंबई बंदराच्या आसपासच्या रेवस-धरमतरसारख्या जवळच्या फेऱ्या तेवढ्या चालत. १९२७ साली ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी बुडाल्या होत्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंवर माणसं गेली. दिव्यांची अवस तोंडावर आलेली. आपल्या घरी सण करायला निघालेली कितीतरी माणसं तीत होती. अलिबाग, पेण, रोहा या भागांत त्या दिवसाची आठवण सांगणारी घरं पुढे कित्येक वर्षं होती. जुन्या बोटीचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. चार दिवसांची रजा मिळाली म्हणून माणसं भर आषाढात पाण्यावर गेली, कारण त्यांना सोयीची दुसरी वाट नव्हती.

दुसरी वाट होती ती लांबची. आगगाडीने मिरजेवरून कोल्हापूर गाठायचं. कोल्हापूरची गाडी १८९१ साली सुरू झाली. तिथून घाट उतरायचा: रत्नागिरीकडे जाणाऱ्याने आंबा, कणकवलीकडच्याने फोंडा, आणखी दक्षिणेच्या माणसाने आंबोली. आंबोलीची वाट म्हणजे मूळची वेंगुर्ले बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणारी. वळसा मोठा, पण कोल्हापुरात कुणी आप्त असला तर एक रात्र त्याच्याकडे, सकाळी अंबाबाईचं दर्शन, आणि मग घाटमाथ्यावरून खाली पसरलेलं कोकण. इथेही पाहणं आणि भेटणं एकाच दोरीत ओवलेलं.

मग एसटी आली. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे-अहमदनगर धावली, आणि हळूहळू तांबड्या धुळीच्या रस्त्यांनी ती कोकणातल्या आतल्या गावांत पोचली. खरं सांगायचं तर कोकणात दळणवळणाची क्रांती झाली ती याच गाडीने. मुंबईहून निघालेला माणूस पेण, महाड, पोलादपूर करीत कशेडी चढू लागला. परशुराम घाटातून चिपळूणची वाशिष्ठी पाहू लागला. पण बघता बघता कोकणची पाठ समुद्राकडे झाली. चालती गावं बदलली. हर्णे, जैतापूर, विजयदुर्ग यांच्या नावांनी जिथे पूर्वी पत्ते लिहिले जात, तिथे आता लांजा, कणकवली, कुडाळ ही रस्त्यावरची गावं मोठी झाली. किनाऱ्यावरची प्रवासी बोट पुढे बंदच पडली.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पुरी झाली. नव्वदांवर बोगदे, त्यांत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. काम असं झालं की अभिमान वाटावा. दहा-बारा तासांचा रात्रीचा त्रास पाच-सहा तासांवर आला. पण गाडी जाते डोंगरांच्या पोटातून. राजापूर रोड, वैभववाडी रोड, संगमेश्वर रोड ही स्टेशनांची नावं पाहिलीत? ‘रोड’ याचा अर्थच असा की गाव इथे नाही, अजून पुढे जायचं आहे. मालवण, वेंगुर्ले, विजयदुर्ग ही एके काळची दारातली ठिकाणं आता स्टेशनापासून आणखी एक प्रवास मागतात. आणि इथेच आपल्या नातेवाइकांची हानी झाली. ज्या आत्याचं घर बोटीच्या वाटेवर होतं, ते आता कशाच्याच वाटेवर नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर कित्येक चाकरमानी कायमचे गावी परतले. आज बंदर-गावांत जी वयस्क माणसं आहेत त्यांत अशीही घरं आहेत. त्यांच्याकडे जायचं म्हणजे मुद्दाम वाट वाकडी करावी लागते, आणि चार दिवसांच्या रजेत तेवढी सवड निघत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की रजेचा बेत करताना हायवेचा नकाशा आधी पुढ्यात घेऊ नये. घरातल्या जुन्या माणसाला विचारावं, ‘तुम्ही कुठल्या बंदरात उतरत होता?’ बंदराचं नाव मिळालं की खाडी मिळते. आणि खाडी मिळाली की सोयरे सापडतात. कारण लग्नं जुळली ती बहुधा होडीच्या टप्प्यात. सासर एका तीरावर, माहेर दुसऱ्या. सगळं कोकण चार दिवसांत पाहतो म्हणणारा माणूस मुख्यतः गाडीची काच पाहतो. एक खाडी धरावी.

उदाहरणादाखल जयगडची खाडी घ्या. शास्त्री नदी सह्याद्रीतून येते, संगमेश्वरावरून जयगडला समुद्राला मिळते. रात्रीच्या गाडीने संगमेश्वर रोडला उतरलात तर कसबा जवळच. तिथलं कर्णेश्वराचं जुनं दगडी देऊळ पाहावं. याच कसब्यात १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले. तिथून दुपारपर्यंत थेट आपल्या माणसांच्या घरी. पहिला दिवस पुरता घराला द्यावा, कुठेही जाऊ नये. ज्यांच्याकडे आपण वर्षा-दोन वर्षांनी जातो, ती माणसं दोन दिवस आधीपासून वाट पाहत असतात, आणि आपण ताटावरून उठून ‘गणपतीपुळे किती लांब?’ म्हणून विचारतो, हे बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मालगुंड. केशवसुत १८६६ साली इथे जन्मले. त्यांचं घर आणि स्मारक पाहायला मिळतं. गणपतीपुळे तिथून हाकेच्या अंतरावर. पण जाताना गाडीत एक जागा रिकामी ठेवून घरातल्या बाईमाणसाला बसवून घ्या. हे मी आग्रहाने सांगतो. चाकरमान्याने बोटीवरून सगळे किल्ले पाहिले. त्याच्या बायकोने काय पाहिलं? तिचा प्रवास म्हणजे माहेर, बहुतेक खाडीपलीकडे, आणि तोही शेतीची कामं उरकल्यावर. जन्म जयगडच्या खाडीवर काढला आणि तोंडाशी असलेला किल्ला आतून पाहिला नाही, अशा म्हाताऱ्या आजही भेटतील. नातलगांना भेटायचं म्हणजे त्यांच्या ओटीवर बसून यायचं एवढंच नव्हे. त्यांना बरोबर घेऊन निघालं की भेट आणि सहल हे दोन अर्ज आपोआप एक होतात. शिवाय वाटेतल्या प्रत्येक वळणाचं नाव त्यांना ठाऊक असतं. कुठल्या आंब्याखाली कुणाची बैलगाडी उलटली होती हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडावी. बोटी गेल्या तरी अलीकडच्या काळात मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी आल्या आहेत: जयगडहून तवसाळला, दाभोळहून धोपाव्याला. जुनी वाट थोडीशी परत मिळाली म्हणायची. पलीकडे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. हेदवीला दशभुज गणपती आहे, आणि खाली समुद्रावर बामणघळ. कातळातल्या अरुंद घळीत भरतीचं पाणी शिरून उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसता दगड दिसेल. भरतीचा हिशेब अवघड नाही. अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारी बाराच्या सुमारास असते, आणि पुढे रोज साधारण पाऊण तास उशिरा. म्हणजे अष्टमीला संध्याकाळी सहाच्या आसपास. तिथीवरून भरती काढणं ही कोळ्यांच्या पोरांना शाळेआधीच येणारी विद्या. आपल्या मुलांनाही शिकवून ठेवायला हरकत नाही. घळीच्या काठाशी मात्र जाऊ देऊ नये. कातळ शेवाळलेला असतो.

परतीची गाडी चिपळूणहून धरावी, म्हणजे गेलेल्या वाटेने पुन्हा यावं लागत नाही, आणि तिचं आरक्षण घरून निघण्यापूर्वीच झालेलं बरं. पलीकडच्या तीरावर कुणी आत्या-मावशी असेल तर तिसरी रात्र तिच्याकडे. तिला आधी कळवावं, आणि दिवेलागणीच्या आत पोचावं. फेरीबोटीच्या वेळाही धक्क्यावर आदल्या दिवशीच विचारून ठेवाव्यात; शेवटची फेरी चुकली की तेच समोर दिसणारं घर गाठायला साऱ्या खाडीला वळसा घालावा लागतो.