गोड्या पाण्यातील मत्स्यालयासाठी घरगुती जलशुद्धीकरण

गोड्या पाण्यातील मत्स्यालयासाठी घरगुती जलशुद्धीकरण म्हणजे नळाचे, विंधन विहिरीचे किंवा टँकरचे पाणी शोभिवंत माशांच्या काचपेटीत भरण्यापूर्वी त्यातील क्लोरीन, गाळ किंवा अतिरिक्त क्षार घरातील उपकरणांनी काढण्याची प्रक्रिया होय. माणसाला पिण्यायोग्य असलेले पाणी माशांना मानवेलच असे नाही. कोणते उपकरण उपयुक्त ठरेल हे पाण्याच्या स्रोतावर व माशांच्या जातीवर अवलंबून असते. पेटीत बसवलेला फिल्टर माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे जैविक विघटन करतो; ते कार्य घरगुती उपकरण करू शकत नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील पाणी

ठाणे शहराला भातसा नदीवरील पिसे बंधाऱ्यातून आणि उल्हास नदीतून पाणी मिळते. त्याचे शुद्धीकरण टेमघर येथे होते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका उल्हास नदीचे पाणी मोहिली, बारावे, नेतिवली आदी केंद्रांत शुद्ध करते. डोंबिवलीच्या औद्योगिक व निवासी विभागाला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ पाणी पुरवते. त्यासाठी बारवी धरणाचा आधार आहे.

सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकावरून वाहणाऱ्या या नद्यांचे पाणी सामान्यतः सुफेन, म्हणजे कमी क्षारांचे असते. याउलट विंधन विहिरींचे पाणी अनेकदा दुष्फेन (जड) असते आणि खाडीलगत ते मचूळही असू शकते. घोडबंदर रस्त्यासारख्या भागांत टंचाईच्या काळात अनेक गृहसंकुलांच्या टाकीत नळाबरोबर टँकरचे वा विंधन विहिरीचे पाणी मिसळले जाते. त्यामुळे एकाच घरातील पाण्याचे गुणधर्म ऋतूनुसार बदलतात.

क्लोरीन

आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिग्रॅ./लि. शेष क्लोरीन अपेक्षित असते. एवढे प्रमाणही माशांच्या कल्ल्यांना इजा करू शकते. पावसाळ्यात पाणी गढूळ झाल्यावर किंवा इमारतीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्यावर क्लोरीन वाढण्याची शक्यता असते. उघड्या भांड्यात हवेचा पंप लावून २४ तास ठेवल्यास मुक्त क्लोरीन बहुतांशी निघून जाते; सोडियम थायोसल्फेट (बाजारातील ‘अँटी-क्लोरीन’) ते तत्काळ नष्ट करते. मूळ पाण्यात अमोनिया असल्यास क्लोरामाइन तयार होते. ते नुसते साठवून ठेवल्याने सहजी जात नाही.

उपकरणे व त्यांचे परिणाम

• गाळ फिल्टर: माती व गंजाचे कण अडवतो, विरघळलेले क्षार व क्लोरीन तसेच राहतात.

• सक्रियित कार्बन: क्लोरीन व वास काढतो. पाण्याचा प्रवाह जलद असल्यास किंवा कार्बन जुना झाल्यास क्लोरीन पुढे जाते.

• अतिनील (यूव्ही) यंत्र: जंतू नष्ट करते, पाण्याची दुष्फेनता बदलत नाही.

• आयन-विनिमय सॉफ्टनर: कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. एकूण क्षार व बायकार्बोनेट जवळपास तेवढेच राहतात. त्यामुळे कपडे धुण्यास सोयीचे असलेले हे पाणी नैसर्गिक सुफेन पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

• आरओ यंत्र: बहुतेक क्षार काढते. मात्र त्याबरोबर सामू स्थिर ठेवणारे बायकार्बोनेटही निघून जात असल्याने केवळ आरओचे पाणी वापरल्यास सामू अचानक घसरून मासे दगावू शकतात.

पाणी उकळल्याने केवळ तात्पुरती दुष्फेनता कमी होते.

तपासणी व मिश्रण

टीडीएस मीटर विद्युतवाहकतेवरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो; दुष्फेनता, क्लोरीन व अमोनिया यांसाठी स्वतंत्र चाचणी संच लागतात. सॉफ्टनरच्या पाण्याची पारख टीडीएस मीटरने करता येत नाही, ती याच कारणाने.

दुष्फेनता कमी करण्यासाठी आरओचे पाणी साध्या पाण्यात मिसळतात. उदाहरणार्थ, ३०० मिग्रॅ./लि. दुष्फेनतेच्या विंधन विहिरीच्या पाण्यात तेवढेच आरओचे पाणी मिसळल्यास दुष्फेनता सुमारे १५० होते. निऑन टेट्रा व डिस्कस या ॲमेझॉन खोऱ्यातील माशांना सुफेन पाणी मानवते. गप्पी व मोली यांना काहीसे दुष्फेन पाणी अनुकूल असते. मिश्रण कोणतेही असले तरी पेटीतील सर्व पाणी एकदम न बदलता थोडे थोडे बदलणे सुरक्षित ठरते.

पाण्याचा अपव्यय

घरगुती आरओ यंत्र शुद्ध पाण्यापेक्षा अधिक पाणी सांडपाणी म्हणून बाहेर टाकते. या सांडपाण्यात क्षार एकवटलेले असल्याने ते सुफेन पाण्यातील माशांना उपयोगी नसते. ते लादी पुसण्यासाठी वापरता येते. विरघळलेले घनपदार्थ ५०० मिग्रॅ./लि. पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये केंद्र शासनाला दिले होते. नदीचे पाणी थेट मिळणाऱ्या ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील घरांत सर्वसाधारण माशांसाठी क्लोरीन काढणे बहुधा पुरेसे असते. आरओची गरज प्रामुख्याने विंधन विहिरीच्या वा टँकरच्या दुष्फेन पाण्यासाठी, तीही तपासणीनंतरच, निर्माण होते.