चूल कोणत्या मुलखात?

इसवी सन 104 मध्ये इजिप्तचा रोमन सुभेदार गायस व्हिबियस मॅक्सिमस याने एक फर्मान काढले. घरोघरची शिरगणती सुरू झाली आहे. जे कोणी आपापला जिल्हा सोडून गेले असतील त्यांनी आपल्या चुलीकडे परतावे, असा त्याचा आशय. ही गणती दर चौदा वर्षांनी होई व तिच्यावरून डोईपट्टी आकारली जाई. योसेफ नावनोंदणीसाठी बेथलेहेमला गेला, हा संत लूकच्या शुभवर्तमानातील उतारा उलगडताना अभ्यासक या फर्मानाचा दाखला देतात. आम्हांला त्यातला वेगळाच प्रश्न खुणावतो: पोटासाठी परमुलखात गेलेला माणूस कराच्या वहीत कुठला?

हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला जेम्स विल्सन यांनी, 1860 साली. परंतु 'निवासी' कोण, याचे सविस्तर निकष 1922 च्या कायद्यात आले ते 1939 च्या दुरुस्तीने. वर्षातून 182 दिवस येथे राहिलेला तो निवासी, हा सरळ निकष. दुसरा निकष चुलीचा होता. ज्याच्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानात 182 दिवस घर राखलेले असेल, तो त्या वर्षी चार दिवस जरी येऊन गेला तरी निवासीच! आणि निवासी ठरला की परदेशची कमाईही येथील कराच्या कक्षेत येऊ शके. बायकोपोरांसाठी घर चालू ठेवावे, नाताळला धावती भेट द्यावी, आणि तेवढ्यावरून सरकारने हिशेब मागावा, हे आम्हांला आजही खटकते.

गोव्याच्या तारवटींची गंमत अशी, की त्यांचे घर पोर्तुगीज मुलखात. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत ट्रंक ठेवून ते आगबोटीची वाट पाहत. पण गावच्या घरामुळे ते ब्रिटिश हिंदुस्थानचे निवासी ठरत नसत. त्याच बोटीवर वसईचा कोणी असता, तर त्याचे घर मात्र मोजले गेले असते. गोव्याला भारताचा प्राप्तिकर लागू झाला तो 1 एप्रिल 1963 पासून.

1961 च्या कायद्याने चुलीचा निकष थोडा सैल केला: घर राखलेल्याचा मुक्काम निदान तीस दिवसांचा हवा. पुढे 1973 नंतर तेलाचे भाव भडकले आणि आखातात माणसांची मागणी वाढली. 1982 च्या वित्त कायद्याने घराचे ते कलम अखेर वगळले, आणि नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला त्या वर्षी 182 दिवसांची मुभा दिली. उशिरा का होईना, घर राखणे हा कराचा विषय उरला नाही.

2020 च्या अर्थसंकल्पाने पुन्हा काळजी लावली. जो नागरिक कोणत्याच देशाचा करदाता नाही तो भारताचा निवासी मानावा, अशी तरतूद वाचून आखातातील कुटुंबे धास्तावली. दुसऱ्याच दिवशी सरकारने खुलासा केला की तिकडच्या पगारावर कर नाही. आणि संमत कायद्यात ही तरतूद, परदेशची मिळकत सोडून, पंधरा लाखांवर उत्पन्न असणाऱ्यांपुरतीच राहिली. त्याच मार्चमध्ये साथीमुळे विमाने बंद झाली. येथे अडकलेल्यांचे 22 ते 31 मार्च हे दिवस त्या वर्षाच्या मोजणीतून वगळावेत, असे परिपत्रक 8 मे रोजी निघाले.

मोजणी एप्रिल ते मार्च अशी होते, जानेवारीपासून नव्हे. तेव्हा जुने, मुदत संपलेले पासपोर्टही वाचकांनी फेकू नयेत. ये-जा केल्याचे शिक्के त्यांतच असतात.